खानेसुमारीचे कागद आणि घराण्यांचे इतिहास : बीड जिल्ह्याचें उदाहरण

१

आपल्या घराण्याचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्या गृहस्थास आजकाल पहिला सल्ला मिळतो तो हा कीं, जुनी खानेसुमारी पाहावी. हा सल्ला मूळ पश्चिमेकडील वंशावळीच्या ग्रंथांतून आलेला आहे आणि त्या देशांपुरता तो यथार्थही आहे. इंग्लंडांत १८४१ पासूनच्या खानेसुमारीचे घरवार कागद, माणसांच्या नांवांसह, राखून ठेवलेले आहेत. शंभर वर्षें ते बंद असतात व मग लोकांस खुले होतात. १९२१ चे कागद त्याप्रमाणें जानेवारी २०२२ मध्यें खुले झाले. अमेरिकेंत ही मुदत ७२ वर्षांची असून १९५० चे कागद एप्रिल २०२२ पासून कोणासही पाहतां येतात. तेथील मनुष्य पणजोबाचें नांव सांगून त्याचें घर, वय, धंदा व मुलेंबाळें एका पानावर पाहूं शकतो.

हाच सल्ला मनांत धरून बीड जिल्ह्यांतील एखादा गृहस्थ हैदराबाद संस्थानचे खानेसुमारीचे अहवाल उघडतो, तेव्हां त्याच्या पदरीं आंकड्यांवांचून कांहीं पडत नाहीं. इतके हिंदु, इतके मुसलमान, इतके अमुक जातीचे, इतके साक्षर. परंतु नांव एकाचेंही नाहीं. कित्येक जण तेथेंच निराश होतात. कित्येक त्याहून वाईट करतात, म्हणजे आंकड्यांतूनच आपल्या पूर्वजाचें नांव काढूं पाहतात. हे कागद कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतात, कोणत्या प्रश्नाचें देत नाहींत, आणि उरलेलें उत्तर कोठें शोधावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

विषय केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेल्यापासून मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ ही नोंद शोधीत आहेत. मुलाचें शिक्षण किंवा नोकरी एका जुन्या शब्दावर अवलंबून असते, तेव्हां कोणता कागद काय सिद्ध करतो हें नीट समजणें अगत्याचें ठरतें.

२

माणसें मोजण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘गोप’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे. नगरांतील दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबें त्याच्या हवालीं असत. त्यांतील स्त्रीपुरुषांची जाति, गोत्र, नांव व कर्म त्यानें जाणावें, इतकेंच नव्हे तर त्यांचा आयव्ययही जाणावा, असा तेथें विधि आहे. सतराव्या शतकांत मारवाडच्या मुंहणोत नैणसीनें आपल्या परगण्यांच्या ‘विगत’ नामक ग्रंथांत कसब्यांतील घरें जातवार मोजून लिहिलीं. पेशवाईच्या दप्तरांतही खानेसुमारीचे कागद आढळतात. ‘खाना’ म्हणजे घर व ‘शुमारी’ म्हणजे गणती. यावरूनच मोजणीचें मूळ एकक घर होतें, हें उघड आहे. या सर्व गणत्यांचा हेतु कर, फौज किंवा बंदोबस्त हा असे. राजास नांव हवें असे, कारण त्या नांवाकडून कांहीं घ्यावयाचें असे.

एकोणिसाव्या शतकांतील नव्या खानेसुमारीचा हेतु निराळा होता. तिला व्यक्ति नको होती, प्रमाण हवें होतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व अडचणींचा उलगडा होतो.

मुंबई इलाख्यांत अशी मोजणी १८७२ सालीं झाली. निजामच्या मुलुखांत पहिली १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं. तेथील उर्दू कागदांत तिला ‘मर्दुमशुमारी’ म्हणत. त्यानंतर २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१ व २६ फेब्रुवारी १९३१ या तारखांस, आणि पुन्हां १९४१ सालीं, ती झाली. म्हणजे १८८१ ते १९४१ या सात गणत्या निजामी अमलांतील होत. १९५१ ची गणती हैदराबाद भारतांत सामील झाल्यानंतरची. पण तेव्हांही बीड हैदराबाद राज्यांतच होतें. १९५६ मध्यें तें मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलें. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, बीडचे १९५१ पर्यंतचे आंकडे मुंबईच्या खंडांत शोधणें व्यर्थ आहे. ते हैदराबादच्या खंडांत आहेत.

३

आतां नांवें गेलीं कोठें, हें पाहूं.

१९३१ पर्यंतची पद्धति स्थूलमानानें अशी होती : आधीं गांवोगांव घरांवर क्रमांक घालीत. मग पटवारी, शाळामास्तर किंवा असाच कोणी लिहितां येणारा गणक घरोघर जाऊन छापील तक्त्यांत प्रत्येक माणसाची ओळ भरी. त्या ओळींत नांव, धर्म, जात, लग्न झालें कीं नाहीं, वय, धंदा, जन्मस्थान, मातृभाषा, साक्षरता व शारीरिक व्यंग इतकीं सदरें असत. ठरलेल्या रात्रीं गणक पुन्हां फिरून मेलेल्यांचीं वा गेलेल्यांचीं नांवें खोडी व नव्या आलेल्यांचीं घाली. म्हणजे त्या एका रात्रीं बीड जिल्ह्यांतील प्रत्येक मनुष्य खरोखरच नांवानिशीं कागदावर होता; फक्त जेथें स्त्रीचें नांव सांगण्यास घरचे लोक नाखूष असत, तेथें ‘स्त्री’ एवढेंच लिहावें अशी मुभा होती.

परंतु पुढील पायरीवर नांव गळालें. १९०१ पासून प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावून मोजण्याची रीत आली. कोष्टकें करण्यास वय, जात, धंदा हवा. नांवाची गरज नव्हती. कोष्टकें तयार झालीं कीं मूळ तक्ते व चिठ्ठ्या रद्दी ठरत व नष्ट होत. १९४१ मध्यें घरवार तक्तेच बंद करून माणसाची माहिती एकदम चिठ्ठीवर लिहिली गेली. शिवाय युद्धामुळें त्या सालचीं बरींच कोष्टकें तयारच झालीं नाहींत.

१९४८ च्या जनगणना कायद्याचें पंधरावें कलमही जाणून असावें. गणकानें केलेली नोंदवही किंवा कागद पाहण्याचा हक्क कोणासही नाहीं, आणि अशी नोंद दिवाणी कामांत पुरावा म्हणून चालत नाहीं, असें तें कलम सांगतें. त्यामागील हेतु सयुक्तिक आहे : उत्तर पुढें आपल्यावर उलटणार नाहीं अशी खात्री असेल तरच मनुष्य खरें बोलतो. इंग्लंडांत शंभर वर्षांनीं उघडणारें दार आपल्याकडे मुदत न घालतां बंद आहे, हा भेद संशोधकानें मनांत स्पष्ट ठेवावा. अपवाद एका निराळ्या कागदाचा : १९५१ च्या गणतीवरून देशभर नागरिकांची एक नोंदवही तयार केली होती, आसामांत ती टिकली व ऑगस्ट २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तेथील यादीच्या कामीं आधार म्हणून वापरली गेली.

हानि केवळ आपलीच झाली असें मात्र समजूं नये. इंग्लंड व वेल्सचे १९३१ चे कागद १९४२ मध्यें आगींत जळाले. अमेरिकेच्या १८९० च्या कागदांचाही बहुतेक भाग १९२१ च्या आगीमुळें गेला.

४

मग नांवें नसलेल्या या अहवालांचा घराण्याच्या इतिहासास उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो चौकटीचा आहे, चित्राचा नव्हे.

बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्यें ५,५८,३४५, १८९१ मध्यें ६,४२,७२२ आणि १९०१ मध्यें ४,९२,२५८ होती. पहिल्या दहा वर्षांत सुमारें ८४ हजारांची वाढ, दुसऱ्या दहांत १,५०,४६४ ची घट; म्हणजे शेंकडा २३ हून अधिक माणसें कमी झालीं. याच दहा वर्षांत सबंध हैदराबाद संस्थानची संख्या १,१५,३७,०४० वरून १,११,४१,१४२ वर आली, म्हणजे घट शेंकडा साडेतीनच्या आंत राहिली. संस्थानाच्या लोकसंख्येचा अठरावा हिस्सा असलेल्या जिल्ह्याची घट संस्थानाच्या निव्वळ घटीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरते. कारण प्रसिद्धच आहे : १८९६–९७ चा व त्याहून भयंकर असा १८९९–१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत् १९५६ वरून जुनीं माणसें याला ‘छपन्नाचा दुष्काळ’ म्हणत.

आतां ज्या घराण्यांत ‘पूर्वज छपन्नांत गांव सोडून निघाले’ अशी आख्यायिका आहे, तिच्याकडे या आंकड्यांच्या उजेडांत पाहावें. आख्यायिका सिद्ध झाली असें नव्हे. पण ती संभाव्य ठरली. उलट, घराण्याचा वृक्ष त्या दहा वर्षांत एकदम खुंटला असेल, एखाद्या शाखेचीं मुलें दिसेनाशीं झालीं असतील, तर लेखकानें तेथें दत्तकाची वा भाऊबंदकीची कथा रचण्यापूर्वीं हा आंकडा आठवावा. पुढें १९११ ते १९२१ या दशकांतही संस्थानची संख्या १,३३,७४,६७६ वरून १,२४,७१,७७० वर उतरली. १९१८ च्या तापाची साथ त्याच दशकांतील.

मात्र आंकडे वाचतांना चार पथ्यें पाळावीं.

पहिलें, सीमांचें. १९०५ मध्यें संस्थानांतील जिल्ह्यांची फेररचना झाली. म्हणून १९०१ पूर्वींचा व १९११ नंतरचा आंकडा समोरासमोर ठेवण्याआधीं दोन्ही वेळीं जिल्हा तोच होता काय, हें त्या त्या अहवालांत पाहावें.

दुसरें, नांवांचें. इंग्रजी पुस्तकांत बीडचें नांव ‘भीर’ असें येतें, कोठें ‘बीर’ असेंही येतें. अंबेजोगाई ‘मोमिनाबाद’ या नांवाखालीं आहे. सूचीत आपलें गांव नाहीं असें म्हणण्यापूर्वीं सर्व रूपें शोधावीं.

तिसरें, वयाचें. आपलें वय वर्षांत सांगणें ही त्या काळीं सामान्य माणसाची संवय नव्हती. विचारलें असतां तो तीस, चाळीस, पन्नास असें पूर्ण सांगे. म्हणून सर्व गणत्यांत शून्यानें व पांचानें संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते. कोणत्याही जुन्या कागदांतील ‘उमर ४०’ यावरून जन्मसाल काढतांना पांच वर्षांची तरी मोकळीक ठेवावी. याउलट संवत्सरावरून सांगितलेलें साल पुष्कळदां अधिक भरंवशाचें असतें. ‘धात्याच्या सालीं जन्मला’ म्हणजे शके १७९८, अर्थात् इ. स. १८७६–७७, त्या सालचा दुष्काळ लोक विसरले नाहींत, म्हणून सालही विसरले नाहींत.

चौथें, गणतीच्या ऋतूचें. गणती माघ-फाल्गुनाच्या सुमारास होते. तो ऊस तोडण्याचा हंगाम. अलीकडच्या काळांत बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें त्या महिन्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांत असतात. २०११ मध्यें ९ ते २८ फेब्रुवारी हा गणनेचा काळ होता व त्या सबंध काळांत बाहेर असलेला मनुष्य नियमाप्रमाणें आपल्या गांवीं मोजावयाचा नव्हता. तेव्हां एखाद्या वाडीचा आंकडा लहान दिसला म्हणून ती वाडी ओस पडली असें अनुमान करूं नये. ती कदाचित् कोपीवर मोजली गेली असेल.

५

नांव पाहिजे असेल तर निराळ्या दप्तराकडे वळलें पाहिजे. तें दप्तर जमिनीचें, इनामाचें, धर्मकृत्यांचें व पोथ्यांचें आहे.

प्रथम गांवाची जात ठरवावी : गांव दिवाणी होतें, सर्फेखासचें होतें, पायगेंत होतें कीं जहागिरीचें? जहागिरी १९४९ मध्यें खालसा झाल्या; तोंपर्यंत त्यांचा कारभार व कागद वेगळे होते. दिवाणी गांवाचा कागद जहागिरीच्या दप्तरांत किंवा उलट शोधण्यांत वर्षें फुकट जातात. इनामदार व वतनदार घराण्यांस मुंतखब हा मोठा आधार. त्यांत हक्काची परंपरा पिढ्यांनिशीं येते. सामान्य कुळंब्याच्या घरास सेतवार, पाहणीपत्रकें आणि १९५४–५५ चें खासरापत्रक हे आधार. शाळेच्या प्रवेश-निर्गमाच्या वह्या व जन्ममृत्यूच्या नोंदी त्यापुढच्या.

दुसरा आधार तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण येथें यात्रेकरू आपलें गांव, बाप, आजा, भाऊ व मुलगे सांगून सही किंवा निशाणी करून जाई. खानेसुमारीनें टाकलेलें नेमकें तेंच, म्हणजे नांव आणि नातें, या वह्यांनीं राखलें.

तिसरा आधार आपल्या सभासदांच्या कपाटांतच आहे : पोथ्यांच्या पुष्पिका. लेखक आपलें नांव, बापाचें नांव, गांव, शक, संवत्सर, मास, तिथि लिहितो; कधीं गोत्र व कोणासाठीं पोथी लिहिली तेंही. मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्यांमुळें प्रसिद्ध असलेल्या अंबेजोगाईसारख्या क्षेत्राच्या परिसरांत अशा पोथ्या घरोघर होत्या. सूची करतांना ग्रंथाचें नांव उतरून पुष्पिका सोडून देण्याची जी रीत पडली आहे, ती घराण्यांच्या इतिहासास घातक आहे.

हे कागद वाचतांना लिपीचे खळगे आहेत. १८८० च्या दशकांत संस्थानच्या कारभारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. गांवपातळीवर मोडी चालतच होती. उर्दू लिपींत ‘ळ’ व ‘ण’ यांस स्वतंत्र अक्षर नाहीं. ‘काळे’ हें ‘काले’ होतें, ‘गवळी’ हें ‘गवली’. शिकस्ता लेखनांत नुक्ते सुटले म्हणजे ब, प, त, न यांत भेद राहत नाहीं, आणि ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नाहींत. आडनांव पुष्कळदां नसतेंच. ‘राणोजी वलद संताजी’ किंवा मोडींत ‘राणोजी बिन संताजी’ एवढेंच असतें. म्हणून आडनांवाच्या आधारें केलेला शोध अर्ध्यावर थांबतो. बाप आणि गांव या जोडीनें केलेला पुढें जातो.

कालगणनेंतही सावध असावें. निजामी फसली सन ऑक्टोबरांत आझुर महिन्यापासून सुरू होई. त्यांत आझुर ते डिसेंबरअखेर ५९० व पुढें ५९१ मिळविले असतां इसवी सन येतो. १३०९ फसली म्हणजे ऑक्टोबर १८९९ ते ऑक्टोबर १९००, म्हणजे नेमकें छपन्नाचें साल. मराठी मुलुखांतील मृगापासून सुरू होणाऱ्या फसलीशीं त्याची गल्लत केल्यास चार महिन्यांचा फरक पडतो.

६

रीत उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, नगर जिल्ह्यांत स्थायिक झालेल्या एका घराण्यांत ‘आम्ही मूळचे बीडकडचे, छपन्नांत आलों’ एवढेंच ठाऊक आहे. प्रथम खानेसुमारी : बीडची १८९१–१९०१ ची घट पाहावी, आणि शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यांच्या जन्मस्थानाच्या कोष्टकांत हैदराबाद संस्थानांत जन्मलेले किती, हें ओळीनें दोनतीन गणत्यांत पाहावें. हालचाल झाली हें एवढ्यानें कळलें. दुसरें, नगरकडील जमिनीच्या वा शाळेच्या कागदांत पूर्वजाचें नांव बापासह शोधावें. तिसरें, त्या जोडनांवानें तीर्थोपाध्यायांकडे मूळ गांव विचारावें. चौथें, त्या गांवच्या निजामी दप्तरांत तीच बापलेकांची जोडी आहे काय तें पाहावें. स्वतंत्रपणें झालेल्या दोन नोंदींत नांव, बापाचें नांव व गांव हीं तिन्ही जुळलीं, आणि वयाचा मेळ बसला, तरच दुवा पक्का मानावा. एक जुळलें तर तो नुसता माग आहे.

७

आतां ज्या प्रश्नानें आज घरोघर हे कागद उलगडले जात आहेत, त्याविषयीं. समितीच्या पहिल्या अहवालाच्या वेळीं, ऑक्टोबर २०२३ मध्यें, पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून ११,५३० कुणबी नोंदी सांपडल्याचें शासनानें जाहीर केलें. पुढें २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचें ठरलें. त्या वादाचा निवाडा करणें हें प्रस्तुत लेखाचें काम नव्हे. परंतु प्रमाणशास्त्राची एक मर्यादा दोन्ही पक्षांस सारखीच लागू आहे. अहवालांतील जातीचा आंकडा समूहाविषयीं बोलतो : अमुक जिल्ह्यांत अमुक नांवाखालीं इतके लोक मोजले गेले. नैयायिकांच्या भाषेंत, पर्वतावर धूर आहे एवढ्यानें अग्नि सिद्ध होतो, पण तो कोणी पेटविला हें सिद्ध होत नाहीं. व्यक्तीविषयींचें विधान व्यक्तीचें नांव असलेल्या कागदानेंच सिद्ध होतें. शिवाय जातींचीं सदरें दर गणतीस सारखीं नव्हतीं. पोटजाति कधीं एकत्र, कधीं वेगळ्या घातल्या जात. तेव्हां एका सालचें सदर दुसऱ्या सालीं नाहीं, म्हणून ते लोकच नव्हते असें म्हणणें जितकें चूक, तितकेंच सदर आहे म्हणून आपलें घर त्यांत होतेंच असें म्हणणेंही चूक. १९३१ नंतर सर्व जातींचीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं नाहींत. पुढील गणतींत जात पुन्हां विचारण्याचा निर्णय २०२५ मध्यें जाहीर झाला.

८

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मूळ तक्ते नियमाप्रमाणें नष्ट झाले हें खरें. पण गणक बहुधा गांवचाच पटवारी वा मास्तर असे, आणि कच्च्या यादीची प्रत, घरक्रमांकांचा कागद, गांवकऱ्यांचें टिपण अशा घराच्या रुमालांत राहून जाणें अशक्य नाहीं. अशा फुटकळ कागदांस बाजारांत किंमत नसते. ते पोथीचे वेष्टन म्हणून किंवा पुठ्ठ्यांत भरण म्हणून जातात. बीड, गेवराई, माजलगांव, आष्टी, पाटोदा, केज, परळी या बाजूंचीं जुनीं दप्तरें ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं अशा याद्या वेगळ्या काढाव्या, कोणत्या घरांतून व कोणत्या रुमालांतून आल्या तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि प्रतिमा घेऊन मगच बांधावें. ज्या जिल्ह्याचीं दीड लाख माणसें दहा वर्षांत आंकड्यांतून नाहींशीं झालीं, तेथें नांव असलेला एकेक कागद कोणाच्या तरी घराचा शेवटचा साक्षीदार असूं शकतो.